हळदीची रेघ किती धाग्यांची?

प्रश्न : माझी भाची एडिंबरोला नोकरीला आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं आहे. तुळशीची लग्नं आटोपली की डिसेंबरात इकडे तिसगावला आमच्या पद्धतीने आणि नंतर तिकडे त्यांच्या पद्धतीने, असे दोन सोहळे होतील. मुलाकडचे पुरुष लग्नाला किल्ट, म्हणजे मागे चुण्या असलेलं लोकरी वस्त्र, घालतात. दोन्ही घरांची आठवण राहील असं एक नवीन टार्टन, म्हणजे चौकडीचं लोकरी कापड, या लग्नासाठी करून घ्यावं असं त्यांच्या मनात आहे. आमच्या बाजूचे रंग त्यांनी आम्हाला विचारले आहेत आणि इथे घरात एकमत होत नाही. आई म्हणते, काळ्याचा एक धागाही नको. धाकट्या भावाला भगवा हवा. बायको म्हणते, हिरवा चुडा आणि कुंकू, याशिवाय दुसरं काही सुचवूच नका. रंग ठरवायचे कसे? असं कापड आपल्याकडे विणून मिळेल का? त्याची कुठे नोंद करावी लागते का? शिवाय मी मामा, अष्टपुत्री मी आणायची. तीही टार्टनची करावी का?
— एक वाचक, तिसगाव (ता. पाथर्डी)

उत्तर : तुमच्या घरातल्या तिघांचंही मन राखता येईल. पण रंगांची यादी करायला बसण्याआधी हे कापड विणतात कसं ते बघावं लागेल, कारण टार्टनमध्ये आपण निवडलेले रंग पुष्कळदा निम्म्याहून कमी जागेवर निखळ दिसतात. बाकीची जागा त्यांच्या मिश्रणाची असते. निवड करायची ती त्या मिश्रणाकडे बघून.

त्याचं कारण मागावर आहे. टार्टनमध्ये ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, रंगांचा जो क्रम असतो, तोच क्रम आणि तितकेच धागे बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना असतात. त्यामुळे प्रत्येक रंगाचा पट्टा इतर प्रत्येक रंगाच्या पट्ट्याला कुठे ना कुठे छेदतोच. हिरव्यावर हिरवा आला तिथे निखळ हिरवा चौकोन, हिरव्यावर निळा आला तिथे दोहोंच्या मधला तिसराच रंग. हिशेब सरळ आहे. दोन रंग घेतले तर कापडावर तीन छटा दिसतात, तीन घेतले तर सहा, चार घेतले तर दहा आणि पाच घेतले तर पंधरा. सगळ्या नातेवाइकांच्या आवडीचा एकेक रंग घालायला गेलात, तर आठ रंगांत छत्तीस छटा होतील आणि दहा पावलांवरून त्यातली एकही ओळखू येणार नाही. चार किंवा पाच रंगांवर थांबा.

विणीचाही यात वाटा आहे. बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, पुढच्या ओळीला एक घर सरकतो. जीन्सच्या कापडावर तिरप्या रेघा दिसतात ती याच घराण्यातली वीण. मिश्र चौकोन नाकाजवळ धरून पाहिला तर दोन रंगांच्या बारीक तिरप्या रेघा वेगवेगळ्या दिसतात. मांडवात समोरच्या खुर्चीवरून मात्र त्यांचा एकच रंग होतो.

आपल्याकडची पैठणी या बाबतीत टार्टनच्या अगदी उलट आहे. पैठणीचा विणकर अंगाला एक आणि दोन्ही काठांना एकेक असे वेगळे धोटे चालवतो. अंगाचा बाणा काठापाशी येतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून हिरव्या अंगाला लाल काठ लावला तरी दोन्ही आपापल्या जागी स्वच्छ राहतात. ‘धूपछाँव’ पैठणीत मात्र ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा मुद्दाम घेतात. तिथे जे होतं तेच टार्टनच्या मिश्र चौकोनांत होतं. तुमच्या घरात एखादी धूपछाँव असेल तर ती उन्हात धरून बघा. मिश्रणाचा अंदाज कुठल्याही रंगतक्त्यापेक्षा तिच्यावरून लवकर येईल.

हिरवा चुडा आणि कुंकू का जमत नाही?

तुमच्या पत्नीने सुचवलेली जोडी लग्नघरात सर्वात शुभ, पण चौकडीत सर्वात अवघड. हिरवा आणि लाल धागा शेजारी शेजारी आले की लांबून डोळ्यांना तपकिरी किंवा शेवाळी रंग दिसतो. दोन्ही रंग सारख्या रुंदीचे घेतले, तर निम्मं कापड या तपकिरी रंगाचं होईल. हौसेने लाल-हिरवं मागवायचं आणि हातात मातकट कापड यायचं, असा प्रकार.

उपाय सोपा आहे. दोहोंपैकी एकालाच मैदान द्यायचं आणि दुसऱ्याला रेघ. हिरवा रुंद ठेवा, लाल सहा-आठ धाग्यांचा ठेवा. मग लाल रेघ हिरव्यावरून जाताना थोडी मंद दिसेल, पण दोन लाल रेघा एकमेकींना छेदतील तिथे कुंकवाच्या टिकलीएवढा निखळ लाल चौकोन उमटेल. कपाळावर कुंकू तेवढंच असतं, आणि तेवढ्यानेच ते उठून दिसतं.

हिरव्याची छटाही नीट ठरवा. चुड्याच्या काचेचा हिरवा त्यातून उजेड आरपार जातो म्हणून चमकतो. लोकरीत तोच रंग मागितला तर पोपटी, भडक येतो. लोकरीसाठी त्याच कुळातला एक-दोन पायऱ्या गडद हिरवा मागा. इथे स्कॉटलंडच्या गिरण्यांची एक रीत माहीत असलेली बरी. टार्टनच्या नोंदीत बहुतेक वेळा नुसतं ‘हिरवा’, ‘लाल’, ‘निळा’ असं लिहिलेलं असतं, छटा विणणारा ठरवतो. एकच नमुना ‘मॉडर्न’ म्हणजे गडद ठसठशीत रंगांत मिळतो, ‘एन्शंट’ म्हणजे जुन्या वनस्पती-रंगांसारख्या फिकट रंगांत मिळतो आणि ‘वेदर्ड’ म्हणजे ऊन-पाऊस खाल्ल्यासारख्या मातकट रंगांतही मिळतो. त्यामुळे फोनवर रंगाचं नाव सांगून भागणार नाही. चुड्यातली एक बांगडी, हळकुंड आणि कुंकवाची पुडी पाकिटात घालून पाठवा, किंवा त्या रंगांचे रेशमी धागे पाठवा.

भगवा कुठून आणायचा?

धाकट्या भावाची मागणी सर्वात सोपी आहे. पिवळा आणि लाल एकमेकांना छेदले की मधला चौकोन केशरी दिसतो. भगव्याचा एकही धागा न घालता भगवा मिळतो. टार्टनमध्ये हातात येणारा हा सर्वात स्वस्त रंग.

पिवळा-लाल ही जोडी जमते त्याला आपल्याकडे एक जुनं कारणही आहे. हळदीतलं पिवळं द्रव्य क्षाराला लागलं की लाल होतं. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करतात ते याच गुणावर. लग्नघरात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळदीच्या कपड्यांना कपडे धुण्याचा साबण लागला की पिवळे डाग क्षणात लालभडक होतात आणि धुणारी दचकते. पुढे पाण्याने साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळे.

यातून एक व्यवहाराची सूचना निघते. पांढरा किंवा साय-रंग तळाला घेऊ नका. पांढऱ्या तळाची टार्टनं स्कॉटलंडमध्ये ‘ड्रेस’ टार्टन म्हणून ओळखली जातात आणि दिसतात सुरेख. पण लोकर आणि रेशीम ही दोन्ही प्राण्यांपासून मिळणारी सुतं हळदीचा रंग चटकन पकडतात. हळद, कुंकू, वरपित्याच्या मांडीवर पडलेला वरणाचा थेंब, एवढ्यांतून पांढरं कापड सुखरूप सुटणं कठीण. शिवाय तुमच्यापासून मढी जवळ. पाहुणे फाल्गुनात रंगपंचमीला कानिफनाथांच्या यात्रेला आले, तर तेच कापड अंगावर असायचं.

पिवळा किती रुंद घ्यावा? लुईसच्या मॅक्लाउड घराण्याचं टार्टन जवळपास सगळंच पिवळं असतं, त्यावर काळे पट्टे आणि एक बारीक लाल रेघ. म्हणजे पिवळ्याला तिकडे मज्जाव नाही. पण त्या टार्टनला तिकडचेच लोक गमतीने ‘गोंगाटी’ म्हणतात. आठ वार पिवळ्याधमक कापडात उभा असलेला नवरदेव फोटोत नवरीला झाकून टाकेल. किल्टसाठी पिवळी रेघच पुरे.

आणि पिवळ्या रेघेला चांगला पूर्वाधार आहे. १७९३ साली हंटली गावचे विणकर विल्यम फोर्सिथ यांनी ड्यूक ऑफ गॉर्डन यांच्याकडे नव्या पलटणीसाठी नमुने धाडले होते. निळा-काळा-हिरवा असा ब्रिटिश पलटणींच्या सरकारी टार्टनचा जुनाच नमुना, त्यावर कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन पिवळ्या रेघा. त्यातली एका रेघेची चौकडी ठरली आणि आज ती गॉर्डन टार्टन म्हणून जगभर ओळखली जाते. तयार नमुना घ्यायचा, त्यात आपली एक रेघ घालायची आणि त्याला आपलं करायचं, ही रीत इतकी जुनी आहे.

याच रीतीने घडलेल्या दुसऱ्या एका टार्टनचा धागा तर थेट नगरपर्यंत येतो. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरची पेठ आणि मग भुईकोट किल्ला घेतला, तेव्हा तटाला शिड्या लावणाऱ्यांत ७८ वी हायलँडर पलटण होती. मॅकेन्झी घराण्याने उभारलेली ही पलटण. तिच्या टार्टनमध्ये त्याच सरकारी नमुन्यावर लाल आणि पांढरी रेघ होती आणि तेच मॅकेन्झी टार्टन म्हणून रूढ झालं. मुलाकडच्यांचं स्वतःचं घराण्याचं टार्टन असेल तर तुम्हीही हेच करू शकता. त्यांचा नमुना आहे तसा ठेवायचा आणि त्यात हळदीची एक रेघ वाढवायची. खर्च कमी, वाद कमी, आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही परकं वाटणार नाही.

त्यांच्या परंपरेला हात लावायचा तुम्हाला संकोच वाटत असेल, तर तिचाही इतिहास ऐका. स्कॉटिश बंडखोरांचा पराभव झालेल्या कलोडनच्या लढाईनंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टन-किल्टचा पेहराव करायला बंदी झाली, ती उठली १७८२ मध्ये. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा थाट केला आणि प्रत्येक घराण्याला आपापलं टार्टन असावं ही हौस तेव्हापासून फोफावली. १८४२ मध्ये तर जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन टार्टनचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. ते हस्तलिखित बनावट असल्याचं पुढे ठरलं, तरी त्यातले नमुने लोक आजही आवडीने वापरतात. तेव्हा २०० वर्षांपूर्वी जे त्यांच्या पणजोबांनी केलं, ते तुमच्या भाचीने आज केलं तर काही बिघडत नाही. स्कॉटलंडमधल्या शीख मंडळींनी १९९९ मध्ये ‘सिंग’ नावाचं टार्टन करून घेतलं, तेही याच मोकळेपणातून.

आईंच्या काळ्याचं काय?

तुमच्या आईंचं म्हणणं डावलू नका, पण त्यांना दोन गोष्टी विचारा. लग्नात मुलीच्या गळ्यात आपण जे बांधतो त्यात मणी कोणत्या रंगाचे? आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांखाली नेसवतात ती चंद्रकळा कोणत्या रंगाची? आपल्याला काळा वर्ज्य नाही. त्याची जागा आणि त्याचं प्रमाण ठरलेलं आहे.

चौकडीत तर काळ्याचं कामच वेगळं. शेजारचा रंग उजळ दिसावा म्हणून त्याच्या कडेला काळ्याचे दोन-चार धागे घालतात. हिरवा आणि निळा हे दोन्ही गडद रंग एकमेकांना टेकले तर सीमा पुसट होते. मध्ये काळी किनार आली की दोन्ही वेगळे उठतात. मंगळसूत्राच्या दोन वाट्या आठवा आणि दोनच बारीक काळ्या रेघा घाला. तेवढंही आईंना पटलं नाही, तर काळ्याऐवजी अगदी गडद वांगी रंग घ्या. काम तेच होईल आणि घरात शांतता राहील.

आपल्या भागातल्या घोंगडीतला काळा कुठल्याही रंगातून काढलेला नसतो. तो दख्खनी मेंढीच्या अंगावरचाच, म्हणून उडत नाही. ही लोकर किल्टसाठी फार जाडीभरडी पडेल. मात्र काळ्या-पांढऱ्या चौकडीची एक घोंगडी विणकराकडून करून घेतली आणि मुलाकडच्या थोरल्यांना बसायला अंथरली, तर तो मान त्यांना न सांगता कळेल.

मग रंग कोणते, आणि किती?

आता एक नमुना मांडतो. हिरवा तुमच्या बाजूचा, चुड्यावरून. निळा त्यांच्या बाजूचा, त्यांच्या झेंड्यावर पांढऱ्या फुलीमागे असतो त्याच घरातला, पण गडद. पिवळी रेघ हळदीची, लाल रेघ कुंकवाची, काळ्या किनारी मण्यांच्या. धाग्यांचा हिशेब असा :

पिवळा ६, हिरवा ४८, काळा २, हिरवा ६, काळा २, निळा ४०, लाल ८.

हा क्रम लालपर्यंत गेला की आरशातल्यासारखा उलटा फिरतो : पुन्हा निळा ४०, काळा २, असं करत पिवळ्यापर्यंत. एक पूर्ण आवर्तन २१० धाग्यांचं होतं. त्यात हिरवे १०८, निळे ८०, लाल ८, काळे ८ आणि पिवळे ६. हाच क्रम आडवा.

आता मघाचा हिशेब इथे लावून बघा. निखळ हिरवी जागा कापडाच्या साधारण २६ टक्के. निखळ निळी जवळपास १५ टक्के. आणि हिरव्या-निळ्याच्या भेटीची जागा ३९ टक्के. म्हणजे या कापडात सर्वात जास्त दिसणारा रंग तुम्ही दिलेला नाही आणि त्यांनीही दिलेला नाही. गडद हिरवा आणि गडद निळा यांच्या तिरप्या रेघा एकत्र आल्या की डोळ्यांना मोरपंखी दिसतो, पैठणीच्या पदरावरच्या मोराच्या मानेचा रंग. त्याची मागणी कुणीच केली नव्हती, पण दोन्हीकडचे लोक तो आपला म्हणतील.

म्हणून रंग ठरवताना दोन्ही घरांनी आपापला मुख्य रंग एकेकच द्यावा आणि ‘या दोहोंच्या भेटीचा रंग आपल्याला आवडेल का’ हे आधी बघावं. हिरव्यासमोर त्यांनी जांभळा दिला, तर भेट राखाडी होईल. मातकट गुलाबी दिला, तर खाकीकडे जाईल. निळा दिला, तर मोरपंखी. दोन्ही मुख्य रंगांना तंतोतंत निम्मी जागा देण्याचा हट्टही धरू नका. नातेसंबंधांत बरोबरी ठीक, पण सारख्या रुंदीचे दोन पट्टे कापडावर बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात. वर ४८ आणि ४० घेतले आहेत ते यासाठी. मान राखायचा तर पट्ट्याच्या रुंदीऐवजी रेघेची जागा बघा. पिवळी आणि लाल रेघ दोन्ही अगदी मध्यावर येतात, नजर आधी तिथेच जाते.

घरच्या घरी कसं पाहायचं?

संगणकावर टार्टनचे नमुने चटकन तयार होतात, पण पडद्यावरचा रंग आणि लोकरीचा रंग यांत फार फरक पडतो. आधी हाताने एक वीतभर तुकडा करून बघा. बुटांच्या खोक्याचं झाकण घ्या. समोरासमोरच्या दोन कडांना कात्रीने सारख्या अंतरावर खाचा पाडा. ठरवलेल्या क्रमाने लोकरीचे धागे या खाचांतून उभे ताणून घ्या. प्रमाण तेच ठेवून धागे कमी केले तरी चालतील : पिवळा १, हिरवा १२, निळा १०, लाल २. काळे सध्या सोडून द्या. मग गोधडीच्या सुईत लोकर ओवून त्याच क्रमाने आडवे धागे काढा, दोन वरून, दोन खालून, पुढच्या ओळीत एक घर सरकून. दाट बसवण्यासाठी जुन्या फणीने ठोका.

तुकडा झाला की तीन ठिकाणी बघा. अंगणात सकाळच्या उन्हात, घरात ट्यूबलाइटखाली आणि मांडववाल्याच्या रंगीत दिव्यांखाली. उन्हात जुळलेले दोन रंग एलईडीच्या उजेडात फटकून वागतात. आणि लग्नाचे फोटो नेमके त्याच उजेडात निघतात. हातात धरून बघा, मग भिंतीला लावून दहा पावलं मागे जा. जवळून सुंदर आणि लांबून गढूळ असेल, तर लाल किंवा काळे धागे कमी करा. शेवटी त्याच्या कोपऱ्याला चिमूटभर ओली हळद लावून, वाळवून, धुऊन बघा. कापड मागवण्याआधी हे झालेलं बरं.

कापड कुठे विणायचं?

किल्टचं कापड तिकडेच विणून घ्या. पूर्ण किल्टला एकेरी पन्ह्याचं साधारण आठ वार लोकरी कापड लागतं. आपल्या लुगड्याला नऊ वार लागतात हे मुलाकडच्यांना सांगा. आठ वार नेसणाऱ्याला नऊ वारांचं भय वाटायला नको आणि दोन्हीकडच्या बायकांना बोलायला विषय मिळेल. साम्य पुढेही आहे. नऊवारीला निऱ्या पुढे, किल्टला चुण्या मागे, आणि त्या घालायच्या दोन रीती असतात. एका रीतीत चुण्या अशा घेतात की मागूनही पूर्ण चौकडी तशीच दिसावी. दुसऱ्या रीतीत प्रत्येक चुणीच्या कडेला एकच ठरलेली रेघ येते, बाकीचे रंग आत दडतात आणि चालताना मधूनच उघडे पडतात. शिंप्याला ‘पिवळी रेघ चुणीवर येऊ दे’ असं सांगितलंत, तर तीन टक्के असलेली हळद मागून पाहणाऱ्याला सर्वात आधी दिसेल. पन्नास धागे पिवळे घालून जे साधणार नाही ते एका सूचनेत साधेल.

लोकर जाड असते. डिसेंबर ठरवलात हे फार चांगलं झालं. वैशाखात पाथर्डीच्या उन्हात नवरदेवाला किल्टमध्ये उभं केलं असतं, तर मंगलाष्टकांच्या आधी पंख्याची सोय बघावी लागली असती.

पैठणी विणणाऱ्या मागावर किल्टची लोकर आणि ती तिरपी वीण बसणार नाही. तिथे रेशीम आणि साधी, एक वर एक खाली अशी वीण चालते. पण त्याच क्रमाचा रेशमी शेला आपल्याकडे होऊ शकतो. शेवगाववरून पैठण तुम्हाला जवळ आहे, नाहीतर येवला आहे. विणकराला धाग्यांचा कागद दाखवा आणि आधी वीतभर तुकडा मागा, कारण साध्या विणीत मिश्र चौकोनात तिरप्या रेघांऐवजी बारीक ठिपके दिसतात आणि रेशमाच्या चमकेने रंग पालटतो. शेल्यापुरता क्रम बदलायलाही हरकत नाही. इथे पिवळा रुंद करा, लाल मध्यम, हिरवा रेघेपुरता. पिवळ्या-लालच्या भेटीतून भावाचा भगवा इथे भरपूर येईल, पिवळ्या-हिरव्यातून पोपटी येईल. हाच शेला नवरदेवाच्या खांद्यावर राहील आणि नवरीच्या पदराशी त्याची गाठ मारता येईल. स्कॉटलंडमध्येही काही लग्नांत वधूवरांचे हात टार्टनच्या पट्टीने बांधतात. तिकडच्या सोहळ्यात तोच शेला पुन्हा कामाला येईल.

नोंदणी लागते का?

सक्ती नाही. हौस असेल तर एडिंबरोला सरकारी टार्टन नोंदवही आहे. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा केला आणि २००९ पासून ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ सुरू झालं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे त्याचं काम आहे. अर्ज कुणालाही करता येतो, शुल्क भरावं लागतं. नमुना विणता येण्याजोगा आणि आधीच्या नोंदींहून वेगळा हवा. धाग्यांचा क्रम, रंगीत चित्र आणि नाव द्यावं लागतं, त्या नावाशी आपला संबंध काय तेही सांगावं लागतं. नाव तुमच्या गावाचं द्यायचं असेल तर आधी मुलाकडच्यांशी बोला. दोघांची आडनावं जोडून द्यायची असतील तर कुणाचं आधी यावर इकडे वेगळा वाद रंगेल. नोंद झाली म्हणजे त्या नमुन्याची मालकी मिळाली असं नाही. मात्र तुमच्या हिरव्याचे ४८ धागे कशावरून आले हे पन्नास वर्षांनी कुणी शोधायला गेलं, तर त्याला ते सापडेल. तेव्हा अर्जातल्या टिपणात प्रत्येक रंगापुढे चुडा, हळद, कुंकू, मणी असं एकेक शब्दात का होईना लिहा.

आणि अष्टपुत्री?

ती आहे तशीच, साधी पिवळी सुती आणा. गौरीहरापुढे बसताना मुलीच्या अंगावर मामाची पिवळी साडी असते, तिच्यात दुसऱ्या कुणाच्या रंगाला जागा नसते, आणि तेच तिचं वैशिष्ट्य आहे. टार्टनमध्ये प्रत्येक रंग दुसऱ्याला छेदत जातो. अष्टपुत्रीचा पिवळा एकटाच असतो. दोन्ही प्रकारची कापडं एका लग्नात असू द्या. सगळं लग्न एका चौकडीत बसवायचं म्हटलं, तर पत्रिकेपासून ताटाखालच्या पाटापर्यंत चौकडीच दिसेल आणि चौथ्या दिवशी कुणाला ती बघवणार नाही.

कामाचा क्रम तेवढा सांभाळा. आधी खोक्यावरचा तुकडा, मग तो दोन्हीकडच्या आज्यांना दाखवणं, मग गिरणीचा नमुना आणि शेवटी पूर्ण कापड. नवं टार्टन विणून, शिवून हातात यायला काही महिने जातात, म्हणून श्रावणाच्या आत रंग ठरलेले बरे. घरातल्या तिघांना मात्र आधी सांगून ठेवा : बायकोला हिरवा मिळाला, भावाला भगवा मिळाला, आणि आईंना काळ्याच्या बारीक रेघांवर तडजोड करावी लागली.